रानशेपूची धुरी

कुत्र्याच्या पोटावर पहिल्यांदा पुरळ उठलं ते भाद्रपदात. तेव्हा लिहून ठेवलं होतं, म्हणून खात्रीने सांगते. नोंद अशी आहे: ‘पोट, काखा, मागच्या मांड्या आतून. लाल पुटकुळ्या. सारखा चाटतो. भूक चांगली.’ कुत्र्याबद्दलची ती माझी पहिली नोंद. पुढच्या दोन वर्षांत अर्धी वही भरली.

मी तेव्हा उपकेंद्रावर नर्स होते. वय बेचाळीस. नवरा वारून सहा वर्षं झाली होती, मुलगी अकोल्याला वसतिगृहात राहून शिकत होती. आमचा भागही तेव्हा अकोला जिल्ह्यातच होता. माझ्याकडे चार गावं होती आणि सहा रजिस्टरं: गरोदर बाया, जन्म, लस, तापाचं रक्त, औषधं आणि दौरा. घरी आणखी वह्या. किराण्याची, मुलीच्या पत्रांची, छतातून कुठे गळतं त्याची. लिहिलं की मला ती गोष्ट हातात आल्यासारखी वाटते. हे चांगलं की वाईट, याचा विचार मी त्या तिसऱ्या वर्षापर्यंत केला नव्हता.

कुत्रा मी पाळायचा म्हणून पाळला नाही. लसीच्या दिवशी ओट्यावर बाया जमायच्या, त्यांच्या पायात एक पिल्लू येऊन बसायचं. बाया गेल्या की ते राहायचं. भुऱ्या रंगाचं, पोटाशी जवळजवळ केस नसलेलं. त्याला नाव ठेवलं नाही. ‘यू यू’ केलं की यायचं. वर्षभरात ते चांगलं मोठं झालं आणि दौऱ्यावर माझ्यापुढे चालायला लागलं.

मेडशीकडून येणारी एसटी फाट्यापर्यंतच होती. पुढे सगळं पायी. माझ्या चार गावांपैकी दोन गावांना जोडणारा रस्ता दुष्काळी कामावर खडी फोडून केलेला, मधे नाला, नाल्याकाठी हातभट्टी. एकदा दुपारी भट्टीवरून आलेल्या एका माणसाने माझी वाट अडवली होती. कुत्रा नुसता पुढे होऊन उभा राहिला, दात दाखवले, भुंकलासुद्धा नाही. माणूस बाजूला झाला. त्यानंतर मी त्या रस्त्याला त्याच्याशिवाय पाऊल टाकलं नाही. बाळंतपणाचा निरोप आला की मी पेटी उचलायची आणि तो दारात उभा असायचा. म्हणून त्याचं पुरळ हा माझ्यासाठी लाडाचा विषय नव्हता. तो चालला नाही तर मी चालत नव्हते, आणि मी चालले नाही तर चार गावं अडत होती.

पहिल्या वर्षी मी क्रमाने उपाय केले. कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ. करंजीच्या तेलात गंधक. पिठाच्या गिरणीच्या इंजिनातलं जळकं ऑइल, हे गिरणीवाल्याने आपणहून आणून दिलं. शेवटी आमच्याकडचं खरजेचं पांढरं औषध. ते लावलं तेव्हा तो इतका ओरडला की शेजारच्या बाया बाहेर आल्या. प्रत्येक उपायापुढे मी ‘फरक’ असा रकाना केला होता. त्यात बहुतेक ‘नाही’ आहे. दोनदा ‘थोडा’. मग दिवाळी झाली, थंडी पडली आणि कातडी आपोआप कोरडी झाली. त्या आठवड्यात पांढरं औषध चालू होतं. मी लिहिलं: ‘पांढरं औषध. उतार.’

दुसऱ्या वर्षी श्रावण सरता सरता पुरळ परत आलं. पांढऱ्या औषधाने काही झालं नाही. उलट कातडी सोलून निघाली. तो चालून आला की ओट्याच्या दगडावर पोट घासत बसायचा, आणि मी दगडावर रक्ताचे डाग पाहायची.

तेव्हा दाईमावशी या गोष्टीत आली. ती आमच्या वस्तीतली. छप्पन सालानंतर आम्ही सगळे बौद्ध झालो, पण गावातल्या बाळंतपणाचं तिचं काम तसंच चालू राहिलं. तिच्या आईकडून तिला आलेलं, आईला आजीकडून. मी सरकारी, ती गावची. सुरुवातीला आमचं पटत नव्हतं. मग मी तिला नाळ कापायचं पातं उकळायला शिकवलं आणि तिने मला बाळ आडवं आहे हे हाताने ओळखायला शिकवलं. तेव्हापासून आम्ही जोडीने जात होतो.

तिने कुत्र्याला उलटं केलं, पोट पाहिलं आणि म्हणाली, “बाई, याच्या आंगात ओल भरली. बाळंतिणीच्या भरते तशी.”

“मावशी, हा बाप्या आहे.”

“मंग? बाप्याले ओल नाई लागत काय? तुमच्या बाटलीनं दोन वर्सं काय केलं ते पाह्यलं म्या. आता याले धुरी देऊ द्या.”

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून तिच्यात ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली टाकून धूर देतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मावशीने कुत्र्यासाठी तेच केलं. फक्त बाळंतशोपा कुत्र्यासाठी कोण जाळणार? त्याच्याऐवजी तिने एक नवीन झाड शोधलं होतं. दुष्काळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते त्या वर्षांत दाट माजलं होतं. शेपूसारखी चिरलेली पानं, गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच, वर बारीक पांढरी फुलं. गुरं त्याला तोंड लावत नव्हती. मावशी त्याला रानशेपू म्हणायची. तिने पान चावून पाहिलं होतं, कडू जहर होतं. तिच्या हिशेबाने इतकं कडू म्हणजे औषधच, आणि माझ्याही शिक्षणाने मला यात काही वावगं दिसलं नाही. कडुलिंब कडू, कुनैनची गोळी कडू. मी डोकं हलवलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी पहिली धुरी दिली. कुत्रा जुन्या बाजेवर, त्याचे पाय मी धरलेले, खाली मावशीची शेगडी. तो शिंकत होता, आम्ही खोकत होतो. मावशी त्याला म्हणत होती, “गप रे माया राज्या, सव्वा महिना झाला का उठून नाचशीन.”

दहा-बारा दिवसांत पुरळ बसलं. मी वहीत लिहिलं: ‘रानशेपूची धुरी. उतार.’ खाली दोन रेघा ओढल्या.

त्या दोन रेघांनी काय केलं ते आता सांगते.

तिसऱ्या वर्षी मी वाट पाहिली नाही. आधीच तयारी केली तर दुखणं वाढत नाही, हे मी चार गावांतल्या बायांना रोज सांगत होते. आषाढ संपताच मावशीला म्हणाले, यंदा सुरुवातीपासून देऊ. तीही खूश झाली. ती रोज रस्त्यावरून कवळाभर रानशेपू तोडून आणायची, छातीशी धरून. फुलावर आलेलं जास्त गुणाचं म्हणून फुलंच निवडायची. अर्धं ओलं उकळून त्या पाण्याने आंघोळ, अर्धं सुकवून धुरी. उरलेलं वाळलेलं मी त्याच्या गोणपाटाखाली अंथरलं, पिसवा होऊ नयेत म्हणून. हे मी माझ्या हाताने केलं.

भाद्रपद लागेपर्यंत तो ओळखू येईना. पोट कच्च्या मांसासारखं, काखांतून पाणी, पापण्या सुजून डोळे बारीक. केस हातात येत होते. जवळ गेलं की वास यायचा. आम्ही धुरी एकदाची दोनदा केली. वाढलेल्या रोगाला औषध वाढवायचं, दुसरं काय सुचणार? मी पेटी उचलली की तो तरीही दारात येऊन उभा राहायचा. चार पाय फाकवून, म्हणजे मांड्या मांड्यांना लागणार नाहीत. मी त्याला घेऊन जायची. वाटेत तो बसायचा, मी थांबायची, तो उठायचा. त्या महिन्यातल्या माझ्या नोंदी वाचवत नाहीत. अक्षर नीट आहे, रकाने सरळ आहेत, आणि प्रत्येक ओळीत ‘वाढ’ लिहिलेलं आहे.

मग मावशीचे हात गेले. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग मनगटापर्यंत लाल चट्टे, कातडीला भेगा. एका सकाळी तिच्या पापण्याही सुजल्या.

ते पोलीस पाटलांच्या घरी दिसलं. त्यांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. आम्ही दोघी तपासायला गेलो, तर पाटलांच्या आईने मावशीचे हात पाहिले आणि सुनेच्या अंगावर लुगडं ओढून घेतलं.

“थांब वं. ते काय झालं हाताले?”

“उष्णता हाय माय,” मावशी म्हणाली.

“उष्णता? नर्सबाईच्या कुत्र्याले मांडीवर घेऊन बसते, सारा गाव पाह्यते. लूत हाय ते. तू बाहीर बस. इथं कायले हात नोको लावू.”

मावशी उठून अंगणाच्या पलीकडे जाऊन बसली. तिथे ती लहानपणी बसायची. मोठेपणी त्या घरातली तीन बाळं तिच्या हातावर आली, तेव्हा कोणी तिला तिथे बसवलं नव्हतं. मी आत सुनेचं पोट तपासत होते आणि दारातून मला तिची पाठ दिसत होती.

त्याच संध्याकाळी पाटलांनी मला ओट्यावर बोलावलं. माणूस दुष्ट नव्हता. मला बसायला घोंगडी टाकली.

“बाई, तुमी कामाच्या चांगल्या हा. पण कुत्र्याची लूत मान्सात आली. उद्या लेकरायले होईन. कोतवालाले सांगतो, औषध टाकीन. तुमाले पाह्यचं काम नाई.”

मी म्हणाले, “पाटील, मला चार दिवस द्या. गुरांच्या डॉक्टरला दाखवून आणते.”

“चार दिवसानं काय होते?”

“नाही झालं तर मी स्वतः बांधून देईन.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. पाटील म्हणाले, “गुरुवारच्या बाजारालोग.” तो रविवार होता.

सोमवारी पहाटे तालुक्याला कडबा नेणाऱ्या बैलगाडीत कुत्र्याला ठेवून मी गाडीमागे चालत निघाले. एसटीत त्याला कोणी घेतलं नसतं. दवाखान्यात बैल, म्हशी, गाभण गाई, त्यांचे मालक. कंपाउंडरने आमच्याकडे पाहिलं.

“बाई, हे दूध देते का औताले चालते?”

लोक हसले. मी त्याला सांगितलं, हा माझ्या दौऱ्याला चालतो. तो जास्त बोलला नाही, पण नंबर शेवटचाच आला. डॉक्टर तरुण होता, नुकताच लागलेला. त्याने नाकाला रुमाल लावला नाही, याबद्दल मी अजून त्याची आभारी आहे. पात्याने कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पुन्हा दुसरीकडून घेतली. पुन्हा तिसरीकडून.

“लूत असती तर किडा दिसला असता,” तो म्हणाला. “एकही नाही. आणि लूत दर दिवाळीला आपोआप बरी होत नाही. बाई, नीट बघा. जिथे दाट केस आहेत त्या पाठीवर जवळजवळ काही नाही. जिथे कातडी उघडी आहे तिथेच आहे. हे आतून आलेलं नाही. याचं पोट कशाला तरी घासतंय. हा कुठून चालतो?”

मी वही पुढे केली. त्याने पानं उलटली. खाणं, औषध, आंघोळ, शौच, फरक.

“यात रस्ता कुठे आहे?”

रस्ता त्यात नव्हता. रस्ता माझं काम होतं, तो दौऱ्याच्या रजिस्टरात होता. कुत्र्याच्या आजाराच्या वहीत रस्ता कशाला लिहायचा?

त्याने चिठ्ठी लिहून दिली, ‘लूत नाही, संसर्ग नाही’, सही, शिक्का. घरी येऊन मी कुत्र्याची वही आणि दौऱ्याचं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. पहिल्या वर्षी मी पाच दिवस अकोल्याला प्रशिक्षणाला होते, कुत्रा मावशीच्या दारात बांधलेला. त्या आठवड्यात ‘थोडा फरक’, आणि मी तो गंधकाच्या नावावर लिहिला होता. पहिल्या दोन वर्षांत दुष्काळी रस्त्याने गेलेल्या प्रत्येक दिवसानंतर, मधे एक दिवस जाऊन, ‘वाढ’. दुसऱ्या वाटेने गेलेल्या दिवसांपुढे काही नाही. आणि दिवाळीनंतर ते झाड वाळून रस्ता मोकळा होत होता. धुरीला यश आलं नव्हतं. धुरी मोसम संपताना दिली होती, एवढंच.

त्याच्या गोणपाटाखाली हात घातला. वाळलेली पांढरी फुलं चुरून पीठ झाली होती. दोन महिने मी त्याला रोगावर झोपवत होते, रोगात आंघोळ घालत होते, रोगाचा धूर देत होते.

सगळं काढून लांब फेकलं आणि त्याला साध्या पाण्याने तीनदा धुतलं. मग ताजं पान ठेचून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला ठेवलं आणि वर पट्टी बांधली. चिठ्ठीवर गाव विश्वास ठेवणार नाही, हे मला माहीत होतं. डोळ्यांनी दिसलं तर ठेवील असं वाटलं. बुधवारी दुपारी पट्टी सोडली. पानाच्या मापाचा लाल चट्टा, त्यावर बारीक पाण्याचे फोड. आयुष्यात कुठल्या फोडांचा मला इतका आनंद झाला नसेल.

तशीच पाटलांकडे गेले. ओट्यावर चार-पाच माणसं होती. चिठ्ठी दिली, बाही वर केली, सगळं क्रमाने सांगितलं. रस्ता, झाड, पट्टी, दोन दिवस.

पाटील हाताकडे पाहत राहिले. मग घोंगडीवर थोडे मागे सरकले.

“म्हंजे तुमालेबी लागली.”

“पाटील, ही लूत नाही. मी मुद्दाम झाड बांधलं होतं.”

“आधी कुत्रं, मंग दाई, मंग तुमी. अजून किती पाह्यचं? बाई, आता माया सुनेलेबी हात लावू नका. कागदानं खाज जाते काय?”

माझा पुरावा माझ्याच हातावर माझ्याविरुद्ध उभा राहिला होता. मी बाही खाली केली.

तिथून मावशीकडे गेले. ती एकच बाई होती जिचं गावाने या बाबतीत ऐकलं असतं. तिने सांगितलं असतं, धुरी मीच दिली, तोडायला मीच जात होते, तर लोकांना जोडून पाहता आलं असतं. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, भेगाळलेल्या हातांवर तेल चोळत.

“म्हंजे मीच मारून राह्यली होती त्याले.”

“दोघींनी, मावशी. मी पण पाय धरत होते.”

“तुमचं काय जाते? तुमाले सरकार पगार देते. मी उद्या गावात सांगू, का माही धुरी जहर होती? मंग मले कोन बोलावते? मायी माय धुरी देत होती, तिची माय देत होती. जा बाई तुमी.”

आणि तिने दार लावून घेतलं. मला राग आला नाही. तिचं म्हणणं खरं होतं.

गुरुवारी सकाळी मी कुत्र्याला घरात घेतलं, दाराला कडी घातली आणि औषधांची पेटी उघडून बसले. कोतवाल कुचल्याचं विष घातलेली भाकर टाकायचा. त्याने कुत्री कशी मरतात ते मी पाहिलं होतं, तासभर ताठ होऊन. तसं होण्यापेक्षा माझ्या हाताने व्हावं असं मला वाटलं. पेटीत काय आहे, किती आहे, कशाने तो नुसता झोपेल, हे मी मोजायला लागले. कागद घेतला, पेन घेतलं आणि यादी करायला बसले. दोन ओळी लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय करते आहे ते. कुत्रा माझ्या पावलांवर हनुवटी ठेवून पडला होता. मी कागद चुरगाळला, पण पेटी बंद केली नाही.

बाहेर कोतवालाची हाक आली. “बाई, दार उघडा. मले हुकूम हाय.”

मी उघडलं नाही. तो पुन्हा म्हणाला. तेवढ्यात दुसरा आवाज.

“काहून रे, सकाळी सकाळी कोनाच्या दारात वरडून राह्यला?”

मी फटीतून पाहिलं. मावशी येऊन माझ्या उंबऱ्यावर बसली होती. कडेला वाळलेल्या रानशेपूची पेंडी, सुताने नीट बांधलेली.

“मावशी, बाजूले व्हय. तुले बी लागलेली हाय, तू कायले आली?”

“मले कुत्र्याची नाई लागली. माया हातानं लागली. हे पाह्य.” तिने पेंडी उचलली. “ह्याची धुरी म्या त्या मुक्या जिवाले देल्ली. दोन महिने. म्हनून तो असा झाला. ह्यानंच माये हात गेले.”

“मले काय सांगते? पाटलाले सांग.”

“तुले मालूम हाय ही पेंडी कोनाची? पाटलाच्या सुनेची. बाळंतपणाच्या बाजेखाली घालाले म्या सुकवून ठेवली होती. मले उठवलं नसतं ना त्या घरातून, तं आज ना उद्या एका दिवसाच्या लेकराले ह्याचा धूर देल्ला असता.” तिने पेंडी त्याच्यापुढे धरली. “रातभर मले तेच दिसून राह्यलं. घे. घेऊन जा पाटलाकडं. त्याच्या हातात दे, म्हन दाईनं देल्ली.”

तिने पेंडी त्याच्याकडे टाकली. कोतवाल टुणकन मागे उडाला.

“काहून? गवताले भेतो? लूत तं कुत्र्याची हाय ना? उचल.”

तो उचलेना. मी दार उघडलं. त्याच्या एका हातात काठी, दुसऱ्यात फडक्यात बांधलेली भाकर. तो पेंडीकडे पाहत होता, मग मावशीच्या हातांकडे, मग माझ्यामागून बाहेर आलेल्या कुत्र्याकडे. कुत्र्याने मावशीला पाहिलं आणि शेपटी हलवली. केस गेलेली, उंदरासारखी शेपटी.

“तुमी दोघी मले मारतान,” कोतवाल म्हणाला. “पाटलाले मी काय सांगू?”

“सांग मेलं म्हनून,” मावशी म्हणाली.

“आन उद्या रस्त्यावर दिसलं तं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. हे तिने रात्रीच ठरवलेलं होतं. तिची बहीण शिरपूर जैनच्या अलीकडच्या खेड्यात राहायची. बाजाराला तिची गाडी आली होती, कुत्र्याला तिच्यातून पाठवायचं. दुष्काळी रस्ता तिकडे गेला नव्हता, ते झाडही तिकडे नव्हतं. कुत्र्याचा जीव वाचवायचा तर त्याने या गावात मरणं भाग होतं.

मी आत जाऊन पेटी बंद केली, बाहेर आले आणि हो म्हणाले.

कोतवालाने भाकर नाल्याच्या काठी खड्डा करून पुरली. पुरताना मला शेजारी उभं केलं, म्हणजे मीही त्यात सामील आणि कोणाला सांगणार नाही. दुपारी बहिणीची गाडी आली. गोणपाट नवीन, खाली नुसता ज्वारीचा कडबा. त्याला वर चढवताना माझ्या चट्ट्यावर त्याची जीभ लागली. गाडी वस्तीच्या मागून निघाली. तो मागे तोंड करून बसला होता आणि मी चालायला लागेन याची वाट पाहत होता. गाडी पुढे जायची आणि मी मागे राहायची, हे त्याला कधी माहीतच नव्हतं.

पाटलांनी काही विचारलं नाही. त्यांच्या सुनेला चौथ्या दिवशी मुलगी झाली. मला बोलावलं, मावशीला नाही. तिचे हात पौषापर्यंत बरे झाले, पण त्या घराने तिला परत बोलावलं नाही, आणि इतरांनीही हळूहळू सोडलं. धुरीचं तिने सगळ्या गावाला स्वतः सांगितलं होतं. मी तिच्यासाठी दाई-प्रशिक्षणाचा अर्ज लिहिला. ती म्हणाली, “आता शिकून काय करू?” दुष्काळी रस्त्याने मी एकटी जायला लागले. पहिल्या दिवशी नाल्यापाशी अर्धा तास थांबले, तिकडून येणारी एक बैलगाडी दिसेपर्यंत. पुढेही बरेच दिवस तसंच.

पौषात सुट्टी घेऊन शिरपूरच्या एसटीने गेले. यात्रेकरूंनी गाडी भरली होती, खेड्याच्या थांब्यावर मी एकटीच उतरले. तो अंगणात होता. पोटावर मऊ, फिकट केस आले होते. त्याने मला हुंगलं, पेटी हुंगली, आणि दारात जाऊन उभा राहिला, चला म्हणून. मी पेटी मुद्दाम घरी ठेवायला हवी होती.

निघताना बहिणीच्या नवऱ्याने त्याला बांधलं. तो भुंकत होता, ते मला थांब्यापर्यंत ऐकू येत होतं. थांब्याजवळ खडीचा नवीन ढीग पडला होता, सडकेच्या कामासाठी कुठून तरी आणलेला. ढिगाच्या कडेला शेपूसारख्या पानांची तीन रोपं होती. वीतभर, अजून फुलं नाहीत. मी पदर हाताला गुंडाळून ती मुळासकट उपटली. तेवढ्यात एसटी आली. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली, “बाई, येता का?” मी त्याला जा म्हणून हात केला आणि ढिगाच्या पलीकडे आणखी आहेत का ते पाहायला वळले.